हाताने घडवलेला लाकडी चाकू स्टँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मावसबहिणीच्या लग्नात रुखवतावर मी केलेला चाकू स्टँड ठेवला होता. तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीचे लोक जे प्रश्न पाठवत आहेत, ते इथे एका जागी आणले आहेत. मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते आणि गावच्या वाढईकाकांच्या (सुतारकाकांच्या) हाताखाली हे काम शिकले. त्यामुळे उत्तरं आपल्याकडचं लाकूड, आपला उन्हाळा आणि आपला सैपाकघरातला ओटा धरून दिली आहेत.

१. चाकू स्टँड लागतोच कशाला? आमचे चाकू चमच्यांच्या डब्यात राहतात.

डब्यात पातं चमच्यांवर घासतं आणि धार मुडपते. मग टमाटर चिरताना साल दबते, कापली जात नाही, आणि आपण चाकूला दोष देतो. शिवाय घाईत डब्यात हात घातला की बोट कापतं. लाकडाच्या फटीत धारेला काही लागत नाही, मूठ वर दिसते, ओढला की चाकू हातात. मात्र ज्या घरात एकच चाकू आहे आणि सगळं चिरणं पावशीवर (विळीवर) होतं, तिथे स्टँड देऊ नका. पावशीचं प्रश्न १४ मध्ये सांगितलं आहे.

२. मला फक्त करवत चालवता येते. जमेल का? किती दिवस आधी सुरू करू?

जमेल. बारीक दातांची करवत, गुण्या, गिरमिट, ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर आणि फेविकॉल एवढं लागतं. रंधा हातचा नसेल तर फळ्या आरामशीनवर किंवा वाढईकडून रंधून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. शिकंजे नसतील तर सायकलची जुनी ट्यूब लांब पट्ट्यांत कापा. ती ताणून ताणून गुंडाळली की ठोकळा चांगला आवळला जातो.

हाताचं काम तीन-चार दिवसांचं आहे. वेळ जातो तो थांबण्यात: चिकटवल्यावर एक दिवस, तेल सुकायला दोन-तीन आठवडे. लग्नाच्या तारखेआधी दीड महिना हाती ठेवा. वाढईची मदत घ्यायची असेल तर पोळ्याच्या आधीचा महिना टाळा. तान्हा पोळ्याला मुलं मिरवतात त्या लाकडी नंदींमुळे तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

३. सागच पाहिजे का? आमच्याकडे आंबा आणि बाभूळ पडलेली आहे.

साग उत्तमच. तो पाण्याने फारसा हलत नाही, किडा सहज धरत नाही आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आपल्या दाराशी आहे. पण पहिला स्टँड करणाऱ्याला मी शिवण सुचवते. शिवणीचं लाकूड हलकं, रंध्याखाली मऊ आणि वाळल्यावर कमी वाकणारं. हळदूही छान, पिवळसर आणि बारीक पोताचा, पॉलिश पेपरने घासला की हाताला गुळगुळीत लागतो.

आंबा चालतो, पण ओला आंबा फार लवकर निळसर पडतो आणि त्याला किडाही लगेच लागतो. कापल्या कापल्या फळ्या करून सावलीत रचला असेल तरच घ्या. बाभूळ मजबूत आहे, बैलगाडीला आणि वखराला उगीच वापरत नाहीत. पण ती हत्यारांची धार खाते आणि तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी चाकू काळे पडतात (प्रश्न ११). निंबाचे तंतू उलटसुलट असतात, रंधा मारताना उचकटतात, सवयीच्या हाताने करावं. बीजा (बिवळा) लाकडाचा रंग ओल लागली की उतरतो. पांढऱ्या ओट्यावर पिवळे डाग नको असतील तर तो टाळा.

दोन झाडं मात्र अजिबात नकोत. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, आणि कण्हेर विषारी आहे.

जुन्या वाड्याच्या दाराचं, खिडकीच्या चौकटीचं लाकूड मिळालं तर आनंदाने घ्या. ते कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेलं असतं. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रंगाचा थर रंध्याने काढा आणि तो भुसा चुलीत टाकू नका. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोट नावाच्या काळ्या डांबरी तेलाने भिजवलेले असतात, ते सैपाकघरात आणूच नका.

४. शेताच्या धुऱ्यावर सागाचं झाड आहे. त्याची फांदी तोडून स्टँड केला तर?

झाड तुमच्या शेतातलं असलं तरी साग, आंबा, चिंच, मोह ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात. परवानगीशिवाय तोड करता येत नाही आणि साग गावाबाहेर न्यायला वाहतूक परवानाही लागतो. आधी वन विभागाकडे विचारा. खरं म्हणजे एका स्टँडला लाकूड लागतं दोन-तीन लिटरच्या डब्यात मावेल एवढं. फर्निचर करणाऱ्याकडे किंवा आरामशीनवर उरलेले तुकडे मिळतात, पावती घेऊन तेच आणा. शिवाय आज तोडलेली फांदी यंदाच्या लग्नाला कामाची नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

५. लाकूड वाळलं की नाही हे कसं कळेल?

सगळ्यात जास्त स्टँड याच एका गोष्टीमुळे बिघडतात. माझा पहिलाही असाच गेला. आंब्याच्या फळ्या वरून कोरड्या वाटल्या, मी माघात चिकटवून दिल्या. वैशाखात पारा ४५ च्या वर गेला आणि मधली फळी टोकापासून वितभर तडकली. ज्यांना दिला त्यांनी तो तसाच वापरला, काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांच्या घरी गेलं की तोच दिसायचा. पुढच्या वर्षी दुसरा करून दिला.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. आपल्याकडे मे महिन्यातली हवा ते शोषून कोरडं करते आणि श्रावणातली हवा परत फुगवते. हा खेळ कायम चालणार. आपल्या हाती एवढंच आहे की पहिलं मोठं आटणं चिकटवण्याआधी होऊन जावं.

वाळवण्याचा जुना हिशेब म्हणजे एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचलेलं, वारा खेळता. आपल्या उन्हात पटकन वाळेल म्हणून अंगणात टाकू नका, टोकं फाटतात. टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावून ठेवा.

तपासायची पद्धत सोपी आहे. फळीवर पेन्सिलने नंबर घाला आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर आठ दिवसांनी वजन करा. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की ती हवेशी जुळली. पावसाळ्यात मात्र हे जुळणं ओलसर हवेशी असतं. म्हणून चिकटवायचं काम दिवाळी ते होळी या काळात करा.

६. भेट गुपित ठेवायची आहे. मग त्यांच्या चाकूंची मापं कशी घेऊ?

मापं घेतल्याशिवाय करू नका. बाजारातले स्टँड बऱ्याच घरात धूळ खात पडतात, कारण त्या फटी दुसऱ्याच चाकूंसाठी केलेल्या असतात.

त्यांच्याकडे गेलात की कांदे चिरायला तुम्हीच बसा. चाकू वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवली की पात्याची लांबी-रुंदी मिळते, कागद घडी करून पिशवीत. पाठीची जाडी पाहायला पोस्टकार्ड दुमडून शेजारी धरा, किती पदर बरोबर होतात ते मोजा. घरातल्या एखाद्या पोराला सामील करून घेतलं तर फोटो मिळतो, मात्र शेजारी पट्टी ठेवायला सांगा.

साधारण अंदाज असा: घरातले स्टीलचे चाकू पाठीला दीड ते अडीच मिलिमीटर जाड असतात, म्हणजे एका सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आत. लोहाराकडचे जाड असतात, दीड-दोन सूतही भरतात. नव्या जोडप्यासाठी करत असाल आणि चाकू अजून घ्यायचेच असतील, तर आधी चाकू घ्या, मग लाकडाला हात लावा.

७. फटी कशा कोरायच्या? एवढी खोल पटाशी जात नाही.

पटाशीने कोरत बसू नका. फळ्या एकावर एक चिकटवायच्या आणि मध्ये पट्ट्या घालून जागा सोडायची, तीच फट.

चार-पाच चाकूंसाठी पाऊण इंच जाड, साडेचार इंच रुंद, दहा इंच लांब अशा चार फळ्या घ्या. मध्ये घालायला एक सूत जाड (लोहाराच्या चाकूसाठी त्याच्या पाठीहून थोड्या जाड), अर्धा इंच रुंद पट्ट्या, त्याच लाकडाच्या आणि तंतू त्याच दिशेने. फळीच्या दोन्ही कडांना एकेक पट्टी चिकटवली की मध्ये साडेतीन इंच मोकळे उरतात. तिथे अर्ध्या इंचाची एक मधली पट्टी घातली तर एका बाजूला दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला एक इंच अशा दोन फटी होतात. मोठा चाकू आणि सोलायचा चाकू शेजारी-शेजारी बसतात. पात्याच्या रुंदीपेक्षा फट दोन सूत मोठी हवी. चार फळ्यांमध्ये असे तीन थर होतात. शेवटच्या थरात मधली पट्टी न घालता तो पूर्ण मोकळा सोडा, त्याचा उपयोग प्रश्न १७ मध्ये आहे.

चिकटवण्याआधी सगळं कोरडं रचून प्रत्येक चाकू घालून बघा. ही पायरी गाळली तर दुरुस्तीला जागा राहत नाही. मग फेविकॉल पातळ लावा, आवळा, आणि लगेच पातळ कामटीला ओलं फडकं गुंडाळून प्रत्येक फटीतून फिरवा. आत ओघळलेला गोंद वाळला तर चाकू अर्ध्यातच अडतो.

दुसऱ्या दिवशी बाजू रंधून सारख्या करा. खालचं टोक साधारण २० अंश तिरपं कापा, म्हणजे ठोकळा उभा केल्यावर मुठी आपल्याकडे कलतील. खाली आठ इंच लांबीची बैठकीची फळी लावा, तिचा जास्त भाग पुढच्या बाजूला ठेवा, नाहीतर चाकू भरल्यावर ठोकळा पुढे कलंडतो. बैठक दोन इंच लांबीच्या दोन स्क्रूंनी बसवा, आधी गिरमिटाने बारीक भोक पाडून. ती चिकटवू मात्र नका, का ते प्रश्न १२ मध्ये.

८. फट उभी ठेवायची की आडवी? धार कुठे करायची?

वरच्या पद्धतीने केलं तर फट आपोआप आडवी येते. पातं झोपलेलं राहतं आणि वजन त्याच्या सपाट अंगावर पडतं. धारेला काही टेकत नाही. डावखुऱ्या माणसालाही तोच स्टँड चालतो, चाकू उलटा घातला की झालं. उभ्या फटीचा आयता स्टँड घरात असेल तर चाकू पाठ खाली, धार वर असा घाला. धार खाली ठेवली की दर वेळी काढता-घालता ती लाकडावर घासते.

९. सागाला फेविकॉल नीट धरत नाही. सांधे सुटले.

सागात स्वतःचं तेल असतं, ते पृष्ठभागावर येऊन बसतं. महिनाभर आधी रंधलेली फळी तशीच चिकटवली की सांधा कमजोर होतो. ज्या दिवशी चिकटवायचं त्याच दिवशी एकदा रंधा किंवा ८० नंबरचा पेपर मारा, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, ते उडून गेलं की लगेच गोंद लावा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बऱ्याचदा तेलकट पदार्थ घातलेले असतात. सागाचा भुसा काहींच्या नाका-डोळ्यांना झोंबतो, तोंडाला दुपट्टा बांधून घासा.

१०. वरून काय लावू? पॉलिशवाला चमकदार वॉर्निश सांगतो.

मी जवसाचं तेल लावते. चटणीसाठी जवस आपल्या घरात असतोच, आणि त्याचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट वास मारतं. घाणीवरचं कच्चं जवस तेल फडक्याने अगदी पातळ चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा. पाच-सहा दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. जाड थर दिला तर तो महिनाभर चिकटतो. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल लवकर सुकतं, पण त्यासाठी त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून मी ते सैपाकघरातल्या वस्तूला लावत नाही. शेवटी चार भाग तेलात एक भाग मधाचं मेण गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून त्याचा हात दिला की पाणी थेंब होऊन ओघळतं.

फटींच्या आत काही लावू नका.

आणि हे कृपा करून नीट वाचा. जवस तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर धोका जास्त. फडकी दोरीवर मोकळी पसरून पूर्ण कडक होऊ द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

११. लोहाराने केलेले चाकू त्यात ठेवले तर गंज धरतो आणि लाकूड काळं पडतं. का?

ते चाकू साध्या पोलादाचे असतात, स्टेनलेस नव्हे. ओलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंडापासून काळी शाई करायचे, त्याच जातीचं हे काम. बाभळीत आणि येनात (ऐनात) टॅनिन भरपूर, शिवणीत त्रास कमी. असे चाकू असतील तर लाकूड तसं निवडा, आणि चाकू धुऊन, पुसून, चुलीजवळ दोन मिनिटं ठेवून मगच आत घाला. पात्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तरी पुरतं. पडलेला काळा डाग लिंबाच्या रसाने फिका होतो.

१२. फटीत ओल राहते, झुरळं जातात. साफ कशा करायच्या?

बैठकीचे दोन स्क्रू काढा. फटी खालून-वरून आरपार मोकळ्या होतात. बाटली धुवायचा बारीक ब्रश कोरडाच फिरवा, ठोकळा आडवा ठेवून दिवसभर वारा लागू द्या. पाण्यात बुडवू नका आणि कडक उन्हात ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. खरा उपाय रोजचा आहे: ओला चाकू आत घालायचा नाही. भेट देताना हे तोंडाने सांगा, चिठ्ठी हरवते.

१३. पावसाळ्यात फटी आवळल्या, चाकू निघत नाही.

ओढाताण करू नका, मूठ निसटून हात कापतो. फळी ओल धरून वाकली की फट मध्ये आवळते. ठोकळा कोरड्या खोलीत ठेवा. दिवाळीनंतर बहुतेक फटी आपोआप मोकळ्या होतात. तरी अडलंच तर स्टीलच्या पट्टीवर ८० नंबरचा पेपर चिकटवून आतून घासा. नवा करताना अरुंद फळ्या घ्या आणि ज्या फळीच्या टोकावर वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसतात ती निवडा, ती कमी वाकते.

१४. आईला पावशीच लागते. तिच्यासाठी असं काही करता येईल?

पावशीला ठोकळा सोयीचा नाही. तिच्या पात्याला म्यान करा: शिवणीच्या दोन पातळ फळ्या, मध्ये पात्याच्या बाकाप्रमाणे कापलेली पट्टी, टोकाला चामड्याची किंवा सुती वादी. पद्धत प्रश्न ७ चीच, फक्त एकच फट. रांगणारं मूल असलेल्या घरात ही भेट चाकू स्टँडपेक्षा जास्त कामाची आहे असं माझं मत आहे.

१५. लाकडाऐवजी बांबू चालेल का?

चालेल, आणि तो कुठलाही चाकू कुठेही खुपसता येणारा स्टँड होतो. लाकडी उभा डबा करा आणि त्यात बांबूच्या गोल, गुळगुळीत काड्या गच्च भरा, काड्यांच्या मधल्या जागेत पातं शिरतं. फटींची मापं लागत नाहीत, म्हणून गुपित भेटीला सोयीचं. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे स्वतःच्या बेटातला तोडायला अडचण कमी.

मात्र बांबूत पिष्ट असतं आणि भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. काड्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग सावलीत खडखडीत वाळवा. डब्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर काड्या ताबडतोब बदला, डबा वाचतो. बुरडकाम करणाऱ्यांकडून काड्या घेतल्या तर त्या एकसारख्या मिळतात.

१६. धारदार वस्तू भेट देऊ नये, नात्यात भांडण लागतं असं आजी म्हणते. मग?

आमच्याकडेही चाकू-कात्री हातातून हातात देत नाहीत, खाली ठेवतात आणि दुसरा उचलतो. ज्या घरात हे पाळतात तिथे ते पाळूनच द्यावं. आजीला वाईट वाटून दिलेली भेट मला नको. मी रिकामा ठोकळा देते, चाकू त्यांचे तेच घालतात. चाकूंसकट द्यायचं असेल तर सव्वा रुपया मागून घ्या, म्हणजे ती वस्तू विकत घेतल्यासारखी झाली. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत अशीही बरीच घरं आहेत, वार बघून जा.

१७. स्टँड दिला, सहा महिन्यांनी त्यांनी मोठा चाकू घेतला. तो बसत नाही. आता?

म्हणूनच प्रश्न ७ मध्ये एक थर पूर्ण मोकळा सोडायला सांगितला. साडेतीन इंच रुंदीत घरातला जवळजवळ कोणताही चाकू मावतो, कात्रीचं एक पातंही उतरतं. पातं दहा इंचांपेक्षा लांब असेल तर बैठकीखाली तेवढ्या जाडीचे दोन ठोकळे लावा आणि बैठकीला त्या फटीच्या रेषेत खाच पाडा, टोक हवेत राहील आणि ओट्याला लागणार नाही. धार लावायची गोल सळई त्या फटीत बसत नाही, तिच्यासाठी बाजूला खिळ्याचा आकडा मारा.

मोकळा थर नसेलच सोडला तर जुन्या ठोकळ्याच्या मागच्या बाजूला एक सूत पट्ट्या आणि पाचवी फळी चिकटवा. मागची बाजू आधी पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत घासा, तेलावर गोंद धरत नाही. नवी फळी जुन्यापेक्षा फिकी दिसते, दोन उन्हाळ्यांत बऱ्यापैकी मिसळते.